दोन हिरवे, एक शिजेचिना

ज्ञानदेवांच्या नावाने म्हटला जाणारा एक अभंग आहे, बहुतेकांनी कधी ना कधी ऐकलेला असतो. काट्याच्या अणीवर वसले तीन गाव, दोन ओसाड, एक वसेचिना. इथवर ठीक आहे, म्हणजे खरं तर इथेच काही ठीक नाहीये, पण संतवाङ्मय म्हटल्यावर आपण आधी मान डोलावतो आणि मग विचार करतो. पुढे काय होतं बघा. वसेचिना तेथे आले तीन कुंभार, दोन थोटे, एका घडेचिना. घडेचिना त्याने घडली तीन मडकी, दोन कच्ची, एक भाजेचिना. भाजेचिना त्यात रांधले तीन मूग, दोन हिरवे, एक शिजेचिना. मग पाहुणे येतात, तेही तीनच, आणि त्यांच्या जेवणाचं काय होणार हे आता तुम्हाला कोणी सांगायची गरज नाही.

याला कूट म्हणतात, कीर्तनकार त्याचा अर्थ सांगतात, तीन गुणांपासून सुरुवात करून पार मोक्षापर्यंत नेऊन सोडतात, आणि तो अर्थ असणारच, शेवटी सद्गुरूवाचून हे कळायचं नाही असं अभंगातच बजावलंय. पण मला त्या अर्थाआधी त्याची चाल आवडते. दर वेळी तीन गोष्टी, त्यातल्या दोन बिघडलेल्या आणि तिसरी अस्तित्वातच नाही, आणि गोष्ट पुढे कुठून जाते तर त्या नसलेल्या तिसरीतूनच. आणि हे सगळं किती शांतपणे! तलाठ्याने सातबारा वाचून दाखवावा तसं. कोणी मधे उठून विचारत नाही की अहो, जे मडकं घडलंच नाही त्यात मूग कसे रांधले? विचारलं तर खेळ संपला.

मला तऱ्हेवाईक, उफराटा, ज्याला हल्ली लोक सरसकट अ‍ॅब्सर्ड म्हणून मोकळे होतात तो विनोद का आवडतो याचा विचार करताना मी फिरून फिरून इथेच येतो. लोकांना वाटतं की असलं लिहायचं म्हणजे डोकं बाजूला ठेवायचं आणि वाट्टेल ते लिहीत सुटायचं. करून बघा एकदा. दोन ओळीत दमाल. कारण वाट्टेल ते लिहिलं की कोणी हसत नाही, नुसतं बघत बसतात. हसू येतं ते नियम पाळल्यावर. एक वेडा नियम घ्यायचा आणि तो इतका इमानेइतबारे पाळायचा की सरकारी ऑफिसला लाज वाटावी.

आणि याची सवय आपल्याला किती लहानपणी लागते हे कधी लक्षात आलंय का? ये रे ये रे पावसा, तुला देतो पैसा. म्हणजे पावसाला लाच. पैसा झाला खोटा, पाऊस आला मोठा. म्हणजे लाच दिली तीही खोट्या नाण्याची, आणि तरी काम झालं, उलट जास्तच झालं! दोन-अडीच वर्षांच्या पोराला आपण हे हातवारे करून शिकवतो. किंवा तो चांदोबा, जो लिंबोणीच्या झाडामागे लपतो, आणि पुढच्याच ओळीत लिंबोणीचं झाड करवंदी होतं. का? तर पुढे मामाचा वाडा चिरेबंदी आहे म्हणून. यमकासाठी झाडाची जात बदलली आणि कोणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही, वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनीसुद्धा नातवंडांना हेच म्हटलं असणार.

असो. मुद्द्यावर येतो, मुद्दा म्हणजे कोल्हटकर आणि गडकरी.

श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हे नाव आता बऱ्याच जणांना ‘बहु असोत सुंदर संपन्न की महा’ या महाराष्ट्रगीताचे कवी म्हणून माहीत असतं, तेही स्पर्धा परीक्षेचा अभ्यास केला असेल तर. जन्म नागपूरचा, १८७१ चा, आणि वकिली केली वऱ्हाडात. आम्ही तिकडचेच, त्यामुळे थोडा अभिमान आहे, तो सहन करून घ्या. या माणसाने १९०२ मध्ये ‘विविधज्ञानविस्तार’ या मासिकात ‘साक्षीदार’ नावाचा लेख लिहिला आणि मराठीत विनोदी निबंध म्हणून जे काही सुरू झालं ते तिथून सुरू झालं असं मानतात. मग अशा लेखांचं पुस्तक आलं, ‘सुदाम्याचे पोहे’, आणि त्याचं उपशीर्षक होतं ‘अठरा धान्यांचे कडबोळे’, कारण लेख अठरा. पुढे लेख वाढून बत्तीस झाले तर उपशीर्षक बदलून ‘साहित्य बत्तिशी’ केलं. बत्तिशी म्हणजे बत्तीस लेख, बत्तिशी म्हणजे दात, आणि सिंहासनबत्तिशीही पाठीमागे उभी. मला हे फार गोड वाटतं, की माणूस आवृत्ती वाढवतानाही कोटी सोडत नाही.

त्या लेखांमधे सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या अशी तिघं आहेत. परत तीन, बघा. सुदामा सगळं सांगतो आणि अत्यंत गंभीरपणे सांगतो. समाजातली एकेक रूढी घ्यायची, शिमगा घ्या, गणेशचतुर्थी घ्या, आणि तिचं मनापासून, जीव तोडून समर्थन करायचं, इतकं की वाचणाऱ्याला तिची लाज वाटायला लागावी. ‘चोरांचे संमेलन’ असं एका लेखाचं नावच आहे, आणि संमेलनं म्हणजे काय हे कोल्हटकरांना चांगलं माहीत होतं, पुढे १९२७ साली पुण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष तेच झाले. (चोर आणि साहित्यिक यावर इथे एक कोटी करता येईल, पण मी संयम पाळतोय.)

आता खरं सांगायचं तर कोल्हटकर आज वाचायला जड जातात. वाक्यं लांब, संस्कृत भरपूर, आणि कोटी आली की ती आली हे सांगायला एक माणूस दारात उभा केल्यासारखं वाटतं. त्यांचं महत्त्व मला पटतं, त्यांच्यावर प्रेम मात्र प्रयत्नपूर्वक करावं लागतं. प्रेम आपोआप होतं ते त्यांच्या शिष्यावर.

राम गणेश गडकरी. जन्म १८८५, मृत्यू जानेवारी १९१९. वयाची चौतिशीही गाठली नाही. कवी म्हणून गोविंदाग्रज, विनोदी लेखक म्हणून बाळकराम, नाटककार म्हणून स्वतःच्या नावाने, म्हणजे एका माणसात तिघं! कोल्हटकरांना ते उघडपणे गुरू मानायचे. आणि गंमत बघा, गुरूचा पहिला विनोदी लेख ‘साक्षीदार’, आणि शिष्याच्या ‘प्रेमसंन्यास’ नाटकातला सगळ्यात गाजलेला विनोदी प्रसंग कोणता? गोकुळची साक्ष.

गोकुळ हा विसराळू. गोष्टी लक्षात राहाव्यात म्हणून तो उपरण्याला गाठी मारतो. ही युक्ती आपल्या सगळ्यांच्या आज्यांची, त्यात काय मोठं. पण गडकरी ती धरतात आणि सोडत नाहीत. गाठ मारली हे लक्षात आहे, कशाची मारली ते लक्षात नाही. मग गाठी वाढत जातात, आणि विसरायच्या गोष्टींची यादी माणूस अंगावर वागवत फिरतो. इथे कुठेही काही अशक्य घडलेलं नाही. माझ्या फोनमधे या क्षणी असे अलार्म आहेत ज्यांच्यापुढे नुसतं ‘महत्त्वाचं’ असं लिहिलंय आणि ते रोज वाजतात आणि मी रोज बंद करतो, कशासाठी लावले होते देव जाणे.

आणि हाच गोकुळ कोर्टात साक्षीला उभा राहतो. वकील साधा प्रश्न विचारतो, गोकुळ प्रश्नातल्या शब्दांना उत्तर देतो, प्रश्नाला देत नाही. कोर्टाला शब्द तंतोतंत हवा असतो ना, मग घ्या तंतोतंत. ही साक्ष पूर्वी गॅदरिंगमधे स्वतंत्रपणे करायचे, फार काही लागत नाही, एक टेबल, एक काळा कोट आणि न हसता बोलू शकणारा एक मुलगा. शेवटची गोष्ट मिळणं सगळ्यात कठीण.

आमचे मोठे काका जन्मभर जिल्हा कोर्टात होते, बेंच क्लार्क. त्यांना गोकुळची साक्ष जवळजवळ पाठ होती, आणि कोणी म्हटलं की काय अतिशयोक्ती केलीय गडकऱ्यांनी, की ते चष्मा काढून म्हणायचे, “अतिशयोक्ती? अरे, आटोपतं घेतलंय त्यांनी.” मग त्यांचा ठेवणीतला किस्सा यायचा. रात्रीची मारामारी, खेड्यातला साक्षीदार, आणि उलटतपासणी घेणारे वकील तयारीत.

“घटनेच्या वेळी अंधार होता?”

“होता ना साहेब.”

“मग तुम्हाला दिसलं कसं?”

“दिसलंच नाही ना साहेब, म्हणून तं समजलं का अंधार होता.”

काका सांगायचे की जज्जसाहेबांनी हे उत्तर जसंच्या तसं टाइप करायला लावलं आणि नंतर रुमाल तोंडाला लावून खोकत बसले. खरं किती, काकांचं किती, विचारायची सोय नव्हती. पण मला वाटतं कोल्हटकर वकील होते आणि मराठी विनोदाची सुरुवात साक्षीदारापासून झाली हा योगायोग नाही. कोर्टात माणूस भाषेत अडकतो. घरी आपण अर्धवट बोलतो आणि समोरचा उरलेलं समजून घेतो, कोर्टात कोणी समजून घेत नाही, जे बोललात तेच लिहिलं जातं. आणि मराठी तर तंतोतंत घ्यायला महाभयंकर भाषा आहे. वाट बघितली, वाट लागली, वाट काढली, वाटेला लावलं, वाटेला गेलो. एकाच रस्त्यावर एवढे अपघात. थाप मारायची असते, मार खायचा असतो, डोळा लागतो तेव्हा दिसत नाही आणि डोळा मारला तर मार पडतो. परक्या माणसाला हे शिकवायला बसा, अर्ध्या तासात गोकुळची साक्ष तुमच्या घरी सुरू होईल.

तर कोटीबद्दल. कोटी हा प्रकार बदनाम आहे आणि बदनामी बऱ्यापैकी रास्त आहे. प्रत्येक लग्नात एक काका असतात (आमचे मोठे काका सोडून, ते फक्त कोर्टाचे किस्से सांगायचे) जे पंगतीत ‘वर’ या शब्दावर कोटी करतात, वर वर आहे, वर बसलाय, वरून खाली बघतोय, आणि सगळे हसल्यासारखं करतात कारण जिलबी अजून यायची असते. अशा कोटीत काय होतं, तर दोन अर्थ एकमेकांना भेटतात, नमस्कार करतात आणि आपापल्या घरी जातात. संपलं. व्हॉट्सअ‍ॅपवर दिवसभर जे फिरतं ते बहुतेक हेच.

बाळकराम काय करतो? त्याच्या ‘रिकामपणची कामगिरी’मधे ठकी नावाच्या मुलीचं लग्न जमवायचंय. आपण आजही म्हणतो ना, लग्नाची मोहीम काढली. बोलायची पद्धत. बाळकराम म्हणतो, मोहीम? ठीक आहे. मग पूर्वतयारी हवी, स्वाऱ्या हव्यात, तह हवेत, पराभव हवेत. वडील तिंबूनाना, बरोबर भांबूराव, आणि ही फौज गावोगाव वरसंशोधन करत फिरते, आणि वरसंशोधन हा शब्दही प्राच्यविद्या संशोधनाच्या थाटात. लग्न मोडण्याची कारणं येतात तीही अहवाल सादर केल्यासारखी. म्हणजे कोटी हे दार झालं, आणि गडकरी त्या दारातून आख्खी वरात आत घेऊन गेले. एका शब्दाचा दुसरा अर्थ धरला आणि त्या अर्थाच्या गावात जाऊन बिऱ्हाडच केलं. वरच्या अभंगातला नसलेला कुंभार असाच मडकी घडवत बसलाय.

‘एकच प्याला’त तर त्याहून भारी आहे. ते नाटक आपल्याला आठवतं सिंधूच्या हालांसाठी, तिच्या दारुड्या नवऱ्याच्या, सुधाकराच्या ऱ्हासासाठी, बालगंधर्वांनी साकारलेल्या सिंधूसाठी. पण त्याच नाटकात तळीराम आणि त्याचं आर्यमदिरामंडळ आहे. दारुड्यांची रीतसर संस्था! तो काळ कोणता, तर गावोगाव मंडळं, सभा, समाज निघत होते, आर्य हा शब्द लावला की संस्थेला वजन यायचं, आणि गडकऱ्यांनी ते सगळं उचलून बाटलीसमोर नेऊन ठेवलं. दारू पिणारे शुद्धीत नसतील पण सभेची शिस्त मोडायची नाही. मला हे वाचताना आमच्या सोसायटीची वार्षिक सभा आठवते, तिथे कोणी पीत नाही, तरी इतिवृत्त वाचलं तर फरक कळणार नाही. आणि सगळ्यात अंगावर येतं ते हे, की त्याच नाटकात, त्याच पेयाने, एक घर डोळ्यांदेखत बुडतंय. हसता हसता माणूस अडकतो. हे नाटक रंगभूमीवर आलं तेव्हा गडकरी हयात नव्हते. ‘भावबंधन’ त्यांनी मृत्यूच्या काही तास आधी पुरं केलं असं सांगतात, आणि तेही काय, तर धुंडिराज आणि कामण्णाच्या धमाल प्रसंगांनी भरलेलं. नागपूरजवळच्या सावनेरला आजारी पडलेला माणूस हे लिहीत होता.

एक गोष्ट मात्र बोलायला हवी. ठकीच्या गोष्टी आज वाचताना मधेमधे हसू अडखळतं. तिच्या रूपावर जे काही रचलंय ते शंभर वर्षांपूर्वीच्या बैठकीत चाललं असेल, आता एखाद्या मुलीसमोर मोठ्याने वाचताना माझा आवाज आपोआप खाली जातो. माझी बायको म्हणते की त्यात खरी टिंगल मुली बघायला येणाऱ्यांची आणि हुंड्याच्या बाजाराची आहे, आणि ते खरंही आहे, पण वाटेत दगड ठकीलाच लागतात. काही पानं मी सरळ उलटतो. अभिजात म्हणून सगळंच गिळलं पाहिजे असं कुठे आहे.

गडकऱ्यांना गुरू मानणारे आचार्य अत्रे. साखळीच आहे ही, कोल्हटकर, गडकरी, अत्रे. गडकऱ्यांची अतिशयोक्ती अत्र्यांनी अशी उचलली की पुढे त्यांच्या रोजच्या बोलण्यात, अग्रलेखात, भाषणात कोणतीही गोष्ट गेल्या दहा हजार वर्षांत झाली नव्हती अशीच व्हायला लागली. पण ‘झेंडूची फुले’ या विडंबनांच्या पुस्तकातले केशवकुमार, म्हणजे कवितेपुरते अत्रेच, वेगळे, तिथे ते हिशेबी आहेत. रेव्हरंड टिळकांची ती हळवी कविता, पाखरा येशिल कधि परतून, त्याचं अत्र्यांनी केलं परिटा येशिल कधि परतून. एका पक्ष्याच्या जागी धोबी. बास. बाकी आर्तता तशीच ठेवली, आणि ती आर्तता खोटीही नाही, इस्त्रीला टाकलेला पांढरा शर्ट चार दिवस न आलेल्या माणसाला विचारा. विरह तो विरहच.

आणि ‘प्रेमाचा गुलकंद’. एक प्रेमवीर तिला नेमाने गुलाब आणून देतोय, देतोय, देतोय, ती हसून घेतेय, आणि शेवटी हा धीर करून फळ मागायला जातो तेव्हा ती आतून बरणी आणते. सगळ्या गुलाबांचा गुलकंद! मला त्या मुलीबद्दल प्रचंड आदर आहे. आख्ख्या कवितेत व्यवहाराची अक्कल असलेली ती एकटी. गुलाबाला प्रेमाचं प्रतीक वगैरे ती मानतच नाही, गुलाब म्हणजे गुलाब, आणि गुलाब जास्त झाले तर साखर घालून उन्हात ठेवायचे, कोणत्याही घरात हेच करतात. कवी प्रतीकांच्या जगात आणि ती स्वयंपाकघरात, दोघंही आपापल्या नियमाने बरोबर, आणि मधे ती बरणी.

पु. लं.बद्दल मी मुद्दाम लिहीत नाहीये, त्यांच्यावर सगळेच लिहितात. एवढंच की गडकरी गेले जानेवारी १९१९ मधे आणि पुलं जन्मले नोव्हेंबर १९१९ मधे, मधे नऊ-दहा महिने मराठी माणसाने कसे काढले असतील कोण जाणे. चिं. वि. जोशींवर मात्र वेगळं लिहायला हवं, बडोद्याला पाली भाषा शिकवणारा प्राध्यापक, आणि निर्माण काय केलं तर चिमणराव आणि गुंड्याभाऊ. त्यांचा विनोद शब्दावर कमी आणि माणसांच्या फजितीवर जास्त चालतो म्हणून इथे बसत नाही, नाहीतर दूरदर्शनवर ही जोडी झालेले प्रभावळकर आणि बाळ कर्वे आठवून मी आणखी पाच परिच्छेद सहज लिहिले असते.

कोणाला यातलं काही वाचायला सुरुवात करायची असेल तर माझं ऐका, गोकुळची साक्ष आधी, आणि मनात वाचू नका, घरातल्या कोणालातरी वकील करा आणि मोठ्याने वाचा. वकील चिडका निवडा. मग अत्र्यांचं विडंबन, पण आधी टिळकांची मूळ कविता वाचून, नाहीतर निम्मी मजा जाते. मग आर्यमदिरामंडळ. कोल्हटकर सगळ्यात शेवटी, दुपारची झोप झाल्यावर, आणि एका बैठकीत एकच लेख, दुसरा घेतलात तर पचायची जबाबदारी माझी नाही.